पोटातली शिरगणती

तब्येतीची मराठी चौकशी फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: ‘पोट साफ होतं ना?’ याचं उत्तर आजवर ज्याचं त्याला ठाऊक असे. आता ते डीएनए तपासून पीडीएफमध्ये मिळतं. ऑनलाइन पैसे भरा, घरपोच डबी येते, तिच्यात शेंगदाण्याएवढा ऐवज घालून कुरिअरने परत करा. दादरा-नगर हवेलीतल्या सामरवरणीच्या औद्योगिक वसाहतीतून धागा आणि प्लास्टिक बाहेर जातं, त्यात आणखी एक माल. मग रंगीत अहवाल येतो: कोणते जंतू किती टक्के, आणि तुमच्या आतड्याला शंभरपैकी किती मार्क. दहावीला ज्यांचे थोडक्यात हुकले, त्यांना ही दुसरी संधी.

तक्रार जंतूंविषयी नाही, मार्कांविषयी आहे. स्वस्तातल्या बहुतेक चाचण्या जंतूंच्या ‘16एस’ या सुमारे 1,500 अक्षरांच्या जनुकाचा एक तुकडा वाचतात. त्यावरून जंतूचं घराणं कळतं, नेमका कोण ते बहुधा कळत नाही. तो जिवंत होता की मेलेला, हे तर नाहीच. हाती येते ती टक्केवारी, म्हणजे एकाचा टक्का वाढला तो त्याच्या कर्तृत्वाने की बाकीचे घटल्यामुळे, हेही गुलदस्त्यात. त्यात निरोगी पोट म्हणजे नेमके कोणते जंतू, हेच अजून ठरलेलं नाही. किलोचं प्रमाण माप 1889 मध्ये ठरलं. विष्ठेचा प्रमाण नमुना अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाच्या संस्थेने 2025 मध्ये विक्रीला काढला. गोठवलेल्या आठ कुप्या, काही शाकाहाऱ्यांच्या, काही मिश्राहाऱ्यांच्या, प्रयोगशाळांनी आपापले हिशेब ताडून पाहावेत म्हणून. मार्क मात्र त्याआधीपासूनच वाटले जात होते.

शिवाय पट्टी कुणाची? सामरवरणीत वारली आणि कोकणा घरांतली नागलीची भाकरी आहे आणि कारखान्यांच्या चाळींत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्यांची रोटीही. धान्य-डाळींवर पोसलेल्या भारतीय पोटांत प्रिव्होटेला हा जंतू मुबलक सापडतो. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या पोटांतल्या जंतूंवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्याच प्रिव्होटेलाची एक जात 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात नव्याने संधिवात झालेल्यांमध्ये जास्त आढळली. ती पट्टी जशीच्या तशी इथे लावली, तर आयुष्यभर नागली खाऊन शेतात राबणाऱ्या आजीबाईंना लाल शेरा मिळायचा.

कुणी म्हणेल, हे शास्त्रच खोटं ठरवता का? मुळीच नाही. हट्टी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांवर निरोगी माणसाची विष्ठा आतड्यात सोडण्याचा उपाय 2013 च्या डच चाचणीत प्रतिजैविकापेक्षा सरस ठरला. पण ते रोगनिदान झालेल्या रुग्णांवरचे उपचार होते, धडधाकट माणसाला नापास करण्याची सोय नव्हे. दुसरा आक्षेप असा, की माहितीने नुकसान काय? होतं. लाल शेरा पाहून लोक दूध-गहू सोडतात, त्याच कंपनीच्या कॅप्सूल घेतात. आणि हिरवा शेरा पाहून शौचातून रक्त जात असतानाही दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलतात. हे दुसरं जास्त महागात पडतं. अशाच चाचण्या विकणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या युबायोमवर 2019 मध्ये एफबीआयचा छापा पडला आणि त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. भानगड बिलांची होती; जंतू निर्दोष सुटले.

इकडे 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी सरकार शाळा-अंगणवाडीतल्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतं. डबी नाही, कुरिअर नाही, मार्क नाहीत. जंतांनी कधी अहवाल मागितल्याचं ऐकिवात नाही. तरीही ज्यांना डबी मागवायचीच आहे, त्यांनी दोन मागवाव्यात. एकाच सकाळचा ऐवज दोन्हींत भरावा, एकीवर नवऱ्याचं नाव घालावं, दुसरीवर बायकोचं. दोन्ही अहवालांचे 36 गुण जुळले, तर पैसे वसूल झाले असं खुशाल म्हणावं.