अकरा (क)

फडके नाट्यगृहात मध्यंतर झालं होतं. बटाटेवड्याच्या रांगेत मी पुढे आणि बायको मागे असे उभे होतो. एवढ्यात चहाच्या टेबलाकडून आवाज आला, "काय रे, अकरा क! आज वेळेवर आलास का नाटकाला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण नवऱ्याचं हे नाव तिच्या कानावर कधी आलं नव्हतं. मी वड्याची जागा सोडून पुढे गेलो आणि सरांच्या पाया पडलो. सरांनी आशीर्वाद दिला आणि सोबतच्या गृहस्थांना माझी ओळख करून दिली. "हा अकरा क. आणि परवा तो पाच ब भेटला होता स्टेशनवर. दुबईला असतो आता."

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवणारे सर प्रत्येक कॉलेजात चार-पाच असतात, आणि त्यांत एक तरी कलमवाले असतात. बाकीचे पहिल्या तासाला फळ्यावर तारीख टाकून शिकवायला लागतात. कलमवाले सर स्टेपल केलेला कागद वाटतात. आमच्या सरांचा कागद २००० साली, मी दाखल झालो तेव्हा, पाठपोट तीन पानांचा होता. इंग्रजीत होता, पण सर तो मराठीतून सोडवून सांगत, म्हणून मीही मराठीतच देतो. वर ठळक अक्षरांत एकच ओळ होती: 'या विषयात पास होण्याचे नियम'. खाली कलमं, कलमांची पोटकलमं आणि पोटकलमांच्या खाली बारीक अक्षरांत अपवाद.

सरांच्या खिशाला चार वस्तू असत. निळं पेन हजेरीचं, लाल चुकीचं, हिरवं सहीचं आणि एक पेन्सिल. पेन्सिलीने मांडलेली गैरहजेरी म्हणजे वाटाघाटीला अजून जागा आहे, हे आम्हाला दिवाळीपर्यंत कळलं नाही. हिरव्या शाईने लिहायची विद्यार्थ्यांना मनाई होती (कलम ६). खडू ते स्वतःचे आणत, जुन्या चष्म्याच्या डबीत घालून.

एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, सुरू होण्याआधी सर ब्रिज कोर्स घेत. अमेरिकेतल्या विद्यापीठांत याच मालाला प्रीकॅल्क्युलस म्हणतात आणि तो अख्खा सेमिस्टरभर फी घेऊन शिकवतात. आपल्याकडे त्याला वेगळं नाव नाही. 'बारावीत झालंय ना रे हे?' हेच त्याचं नाव. फलं, लघुगणक, बहुपदी, त्रिकोणमिती, थोड्या संमिश्र संख्या. हे सगळं बारावीत झालेलं असतं आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यातून गेलेलंही असतं. या पुलासाठी सरांना आठ तास मिळत. त्यातले तीन ते कागद समजावण्यात घालवत. हे गणित बरोबर नाही, असं माझं आजही मत आहे. त्रिकोणमितीला जेमतेम दोन तास उरले, आणि एम-वनमध्ये हायपरबोलिक फलं अंगावर आली तेव्हा मला साधं कॉस टू थीटा आठवेना. विषय राहिला, केटी लागली. सरांना निकाल सांगायला गेलो तर म्हणाले, "तुला कलमं पाठ आहेत रे, फॉर्म्युले नाहीत." मी मनात म्हटलं, तास कशाला दिलेत ते आठवा की.

पण त्या तीन तासांत नुसते नियमच होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सरांचा प्रत्येक नियम कुणीतरी मोडून दाखवल्यावर जन्माला आलेला होता, आणि नियमाबरोबर त्या माणसाचं चरित्रही यायचं. नाव कधीच सांगत नसत. कलम ५ (ब): 'ट्यूटोरियलवर नाव व रोल नंबर स्वतःचा लिहावा.' हे वाचून वर्ग हसला. सर हसले नाहीत. कुण्या एका मुलाने मित्राचं ट्यूटोरियल इतक्या मन लावून उतरवलं होतं की वरचं मित्राचं नाव, रोल नंबर आणि मार्जिनमधला चहाचा डागही पेन्सिलीने छायांकित करून काढला होता. दुबईला असतो तो हाच.

तिथून सर थेट त्रिकोणमितीत शिरले. आपल्याकडे ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच जीवा म्हणत. अरबांनी तो शब्द घेतला, आणि अरबीत ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नसल्यामुळे नंतरच्यांनी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, खळगा. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने खळग्याला आपल्या भाषेतला शब्द घातला, सायनस. त्याचंच हे साइन. "म्हणजे धनुष्याची दोरी गेली कुठे?" सरांनी डस्टर आपटला. "न वाचता उतरवलं की हे असं होतं. हे जगातलं सगळ्यांत जुनं पाच ब." माझा साइन त्या दिवसापासून पक्का आहे. बाकीची त्रिकोणमिती मात्र खळग्यात गेली.

कलम ९ कॅल्क्युलेटरचं होतं. एकाने साइन ३०ची किंमत वजा ०.९८८ लिहिली होती. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये होता, मालक डिग्रीत होता. "यंत्र बरोबर आहे," सर म्हणाले, "तूच चुकीच्या गावात उतरलास." परीक्षेच्या आधी कॅल्क्युलेटर उघडून मोड दाखवायचा, असं तेव्हापासून ठरलं. दारात सर तिकीट तपासनिसासारखे उभे राहत.

पण सरांचं खरं काम बघायचं तर कलम १३. गणपतीची रजा.

हे कलम ते फळ्यावर लिहीत. मोठा महिरपी कंस काढत आणि म्हणत, "रजा हे फल आहे. तुकड्यातुकड्यांचं. घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर रजा दोन दिवस. गौरीबरोबर जाणारा असेल तर चार दिवस. दहा दिवसांचा असेल तरी चारच, मधले दिवस गणपती तुमच्यावाचून राहू शकतो." मग ते डोमेन विचारत. ज्याच्या घरी गणपती बसत नाही तो डोमेनच्या बाहेर, त्याच्यासाठी हे फल अस्तित्वातच नाही. कुणीतरी म्हणालं, "सर, शेजाऱ्यांकडे असतो, आरतीला आम्हीच असतो." सरांनी क्षणभर विचार केला. "शेजारी आपल्या कॉलेजात आहे का? नाही ना? मग."

आमच्या आधी काही वर्षांची गोष्ट त्यांनी इथे सांगितली. पेणकडचा एक मुलगा दीड दिवसाच्या गणपतीची रजा घेऊन आला, आणि अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर पुन्हा रजेचा अर्ज घेऊन उभा राहिला. कारण काय, तर घरी गणपती येणार. सर देशावरचे. त्यांना वाटलं, आता मुलं देवालाही प्रॉक्सी लावायला लागली. त्यांनी अर्ज फेटाळला आणि शिपायाला हाक मारली, याच्या घरी फोन लावा म्हणून. शिपाई ऐकून घेऊन म्हणाला, "खरं आहे सर, साखरचौथीचा गणपती असतो आमच्यात. मीच येणार होतो तुमच्याकडे, परवा येणार नाही सांगायला." पेण, पनवेल, उरणच्या कित्येक घरांत भाद्रपद वद्य चतुर्थीला हा दुसरा गणपती बसतो, हे सरांना नोकरीच्या चौथ्या वर्षी कळलं. पुढच्या वर्षी कंसात आणखी एक ओळ आली. तिच्याखाली टीप: 'एकाच घरी दोन्ही गणपती असल्यास बेरीज चारपेक्षा जास्त होऊ नये.' पीसवाइज फंक्शन हे शब्द नंतर अनेकांनी माझ्यासमोर उच्चारले. प्रत्येक वेळी मला मखर दिसलं.

आता माझं कलम.

कलम ११ रेल्वेचं. (अ) हार्बरची गाडी उशिरा आल्यास दहा मिनिटांची सूट. (ब) मेगाब्लॉकचे कारण चालणार नाही, कारण मेगाब्लॉक रविवारी असतो. एवढंच होतं. पावसाळ्यातली एक सकाळ. पहिला तास आठ पन्नासला. दारात आम्ही सात जण ओळीने उभे, सर प्रत्येकाला कारण विचारत होते. पहिला म्हणाला, गाडी लेट. दुसरा, गाडी लेट. मानखुर्दचा, वाशीचा, नेरूळचा, सगळ्यांची गाडी लेट. माझी पाळी आली. मी झोपलो होतो, हे कारण तोंडात तयार होतं, पण रांगेचा एक ओघ असतो. मीही म्हणालो, "गाडी लेट, सर."

"कुठून येतोस?"

"पनवेलहून."

"कॉलेज कुठे आहे?"

वर्गात साठ मुलं होती आणि पंख्याचा आवाज येत होता. टपाल नाक्यापासून मी चालत येत असे, हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत होतं. सर ओरडले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, जो एखाद्याला नवीन प्रमेय सापडल्यावर होत असेल. "बस आत. तुझा उपयोग झाला."

पुढच्या बॅचच्या कागदावर ११ (क) आलं: 'जे विद्यार्थी पनवेलमध्येच राहतात, त्यांना लोकल उशिरा आल्याचे कारण देता येणार नाही.'

सेमिस्टर संपताना डिफॉल्टर लिस्ट लागते, तेव्हा कलमवाले सर सगळ्यांत जास्त शिव्या खातात. पंचाहत्तर टक्के हजेरी हा काही सरांचा शोध नव्हे, पण तो दशांश चिन्हापर्यंत पाळणारे तेच. माझी ६३ पैकी ४७ हजेरी होती, म्हणजे ७४.६ टक्के. मी राउंड ऑफचा मुद्दा काढला. सर म्हणाले, "राउंड ऑफ उत्तराचं करतात, माणसाचं नाही. शनिवारी ये." डिफॉल्टरांचा जादा तास शनिवारी असायचा. एका तासाने माझं भागत होतं, पण मी चार शनिवार गेलो, कारण तिथे कागद नसायचा. कलमं मोडून झालेलीच मुलं ती, त्यांना काय वाचून दाखवणार? तिथे सर नुसतं गणित शिकवत. वर्तुळ काढायचे, त्यावरून बोट फिरवत साइन आणि कॉस कुठून निघतात ते दाखवायचे, एकाच गणिताच्या तीन रीती करायचे. साडेबाराला शिपाई किल्ल्या वाजवायला लागला तरी थांबायचे नाहीत. केटी माझी पुढच्या वेळी सुटली ती या शनिवारांवर. पंचाहत्तर टक्के भरलेल्या हुशार मुलींनी एकदा तक्रार केली होती, आम्हालाही डिफॉल्टर करा म्हणून.

आणि सबमिशनच्या दिवशी? कॉरिडॉरमध्ये मुलं फतकल मारून मार्जिन आखतायत, स्टेपलर हातोहात फिरतोय, झेरॉक्सवाल्याकडे गर्दी. सर सातपर्यंत सह्या करत बसलेले. प्रत्येकाला कलम ऐकवायचे, प्रत्येकाला सही द्यायचे. टर्मवर्कला २५ पैकी १०च्या खाली त्यांनी कुणाला ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

मधल्या काळात कागद वाढत गेला. अमेरिकेत पीएचडी करता करता प्रीकॅल्क्युलसचा वर्ग घेणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सरांना तिथल्या वर्गाचा सिलॅबस पाठवला. तिथे सिलॅबस म्हणजे नुसते धडे नव्हेत. उशिरा दिलेल्या गृहपाठाचं काय, परीक्षा बुडली तर काय, कुठला कॅल्क्युलेटर चालेल, कशाला किती टक्के, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. सरांनी तो पोथीसारखा वाचला. एका ओळीला मात्र अडले: सर्वांत कमी गुणांचा एक गृहपाठ वगळण्यात येईल. "वगळला म्हणजे गेला कुठे?" तीन दिवस स्टाफरूममध्ये हाच प्रश्न चालला होता म्हणे. चौथ्या दिवशी त्यांनी आपल्या कागदात कलम १८ घातलं, सर्वांत वाईट ट्यूटोरियल धरणार नाही. २०२१ मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने पुस्तिकेत बारावीच्या चौदा विषयांची यादी देऊन इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला त्यांतले कुठलेही तीन, म्हणजे गणिताशिवायचेही, चालतील असं छापलं, आणि राहिलेली तूट विद्यापीठांनी ब्रिज कोर्सने भरावी म्हटलं. देशभर गणितवाले खवळले. सर म्हणाले, "बरं झालं, आता आठाचे सोळा तास मागता येतील." मागितले. आठच मिळाले. २०२३ मध्ये पनवेलला ३८ तासांचा ब्लॉक झाला, ३० सप्टेंबरच्या रात्रीपासून २ ऑक्टोबरच्या दुपारपर्यंत. मेगाब्लॉक सोमवारीही असू शकतो, म्हणून मुलांनी ११ (ब) रद्द करायची मागणी केली. सरांनी कॅलेंडर दाखवलं. सोमवारी गांधी जयंती होती.

यंदा माझी भाची त्याच कॉलेजात गेली. पहिल्या दिवशी ती कागद घेऊन घरी आली, आता आठ पानं झालीत, आणि सोफ्यावर लोळत मोठ्याने वाचायला लागली. ११ (क)ला पोचली आणि उठूनच बसली. "मामा, ऐक ना! कोण असेल रे हा येडा?"

बायको आतून म्हणाली, "वडे खातोय तो."

त्यानंतर महिनाभर भाचीने माझ्याकडे जरा जास्तच प्रेमाने पाहिलं. आणि परवा संध्याकाळी दारातूनच ओरडत आली. "मामा, मला पण मिळालं! पुढच्या वर्षीच्या कागदात जाणार, सरांनी वर्गात वाचून दाखवलं. पाच फ!" तिने वही उघडली. लॉगचं ट्यूटोरियल होतं. सुबक अक्षर, मार्जिन आखलेलं, नाव आणि रोल नंबर स्वतःचा. दहाही उत्तरं बरोबर. दहाव्या उत्तराच्या खाली, त्याच सुबक अक्षरात, तिने मोबाइलवरून उतरवलेली आणखी एक ओळ होती, आणि तिच्याभोवती सरांच्या लाल पेनाचं गोल वर्तुळ. बाजूला हिरव्या शाईत नवीन कलमाचा मसुदा:

'उत्तराच्या शेवटी "आणखी काही मदत हवी आहे का?" असे परीक्षकाला विचारू नये.'