तोंडाची पडवी

कर्जतला पुण्याच्या गाड्या थांबतात त्या घाटासाठी. बोरघाटात 37 फुटांमागे एक फूट चढ आहे, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिन लावावं लागतं. ते लागेपर्यंत वडापाव घ्यायचा, खायचा आणि हात पुसून जागेवर बसायचं. वडा नुकताच कढईतून निघालेला असतो. हाताला तो सोसतो, पण आतला बटाटा तोंडाला सोसत नाही. पहिल्याच घासाला पुढच्या दातांमागे, वरच्या बाजूला चटका बसतो. तिथली त्वचा हाडाला घट्ट धरून असते, खाली मऊ मांस नसतंच. संध्याकाळपर्यंत सालपट सुटतं आणि जीभ सारखी तिथेच जाते. पुढचे चार दिवस चहा गार करून प्यावा लागतो.

हा त्रास घरी सांगायला गेलो तर शब्द आडवा आला. "टाळू भाजली," म्हटल्यावर आत्याने माझे केस बाजूला केले, डोकं पाहिलं आणि ती खोबरेलाची वाटी आणायला उठली. तिचं काही चुकलं नाही. तान्ह्या बाळाची तेलाने भरतात तीही टाळू आणि तोंडाचं छत तेही टाळू. माझं म्हणणं असं, की तोंडात इतक्या जागा आहेत आणि सांगायला नावं इतकी थोडी, हे आता पुरे झालं.

आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. घशापासून निघून ओठांपर्यंत एकेक मुक्काम घेत ती बाहेर येते. पहिलीतलं पोर तो प्रवास रोज करतं. मोठेपणी त्यालाच डॉक्टरांपुढे तोंडात बोट घालून "इथे, इथे" करावं लागतं.

पटाशी, सुळा, दाढ, हिरडी, पडजीभ एवढे शब्द आपल्याकडे आहेत. पण गाल आणि दात यांच्यामधल्या खोबणीला रोजच्या बोलण्यात नाव नाही. थंडीत शेतावर पोपटी लागते. भांबुर्ड्याचा पाला घातलेल्या मडक्यातल्या वालाच्या शेंगा गरमच सोलून खायच्या. शेंगेची एखादी शीर हमखास त्या खोबणीत, पार मागे जाऊन बसते. जीभ तिथवर पोचत नाही आणि चारचौघांत बोट घालवत नाही. कुठे अडकलंय हे सांगायचं तर "खाली, उजवीकडे, दाढेच्या बाहेरच्या अंगाला, गालाच्या आत" असा पोस्टाचा पत्ता द्यावा लागतो.

वैद्यकात या जागेला जे लॅटिन नाव आहे, त्याचा मूळ अर्थ घराच्या दारापुढची जागा. दारापुढच्या जागेला आमच्या कर्जत-खालापुरात पडवी म्हणतात. मग गालाच्या आतल्या जागेलाही पडवी म्हणावं आणि दातांच्या आत, जीभ राहते ते माजघर. दात घट्ट मिटले तरी पडवीतून माजघरात जायला शेवटच्या दाढेमागे एक फट उरते. जबडा मोडून तारेने बांधलेल्या माणसाला पातळ पेज याच फटीतून मिळते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतून, कानापुढच्या ग्रंथीची लाळ पडवीत उतरते. कच्चं करवंद चावलं की पाणी सुटतं त्यात तिचा मोठा वाटा. त्या दाढेवर बाहेरून कीटण लवकर चढतं तेही या लाळेतल्या क्षारांमुळे. घासताना ब्रश नेमका तिथे पोचत नाही.

दुसरी तक्रार बधिरपणाची. खालची दाढ काढायची तर इंजेक्शन पार मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला देतात. तिथे हाडात शिरणारी नस दाढांना संवेदना देते आणि पुढे हनुवटीपाशी बाहेर येऊन खालच्या ओठात जाते. जिभेची नस शेजारूनच जाते. म्हणून दाढ मागची असूनही ओठ आणि अर्धी जीभ काही तास आपली राहत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. खोपोलीचं तिकीट काढायला मी खिडकीपाशी उभा राहिलो. 'प'साठी दोन्ही ओठ मिटावे लागतात. माझा एकच कोपरा मिटत होता, दुसऱ्यातून वारा आणि लाळ. "खोफोली" असं काहीतरी निघालं. "कुठलं? केळवली? डोळवली?" खिडकीतून शांतपणे विचारणा झाली. 'ळ'साठी जीभ वर वळवायची, तीही वळेना. शेवटी फोनवर लिहून दाखवलं.

या सगळ्या बारीक तक्रारी आहेत, मान्य. पण बारीक दुखणं सांगता आलं नाही तर ते मोठं होतं. खालच्या मागच्या दाढांचा पू जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरला तर श्वास कोंडतो. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी हे 1836मध्ये लिहून ठेवलं आहे. आणि पडवीत आपण जे ठेवतो त्याचं काय? गुटख्यावर राज्यात 2012मध्ये बंदी आली, पण सुपारी गालातच आहे. तिने आतली त्वचा हळूहळू निबर होते, आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. सुपारीने कर्करोग होतो, हेही सिद्ध झालेलं आहे. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. दोनच मावली तर डॉक्टर गाठायला हवा.

आत्या पानात श्रीवर्धनची रोठा सुपारी घालते, चाळीस वर्षं. "तोंडात काही होतंय का?" असं मी तिला कितीदा विचारलं, दर वेळी "काही नाही" एवढंच उत्तर. परवा तिला पडवी आणि माजघर समजावून सांगितलं आणि विचारलं, "आत्या, तुझ्या पडवीत काही टोचतं, झोंबतं?"

"डाव्या पडवीत झोंबतं की," ती लगेच म्हणाली. "दिवाळीपासून. असं विचारलंस कुठे रे कधी?"

तिची तीन बोटं मावली नाहीत. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. जागा ती स्वतः सांगणार आहे.