पाणिनी, मुक्काम हिंजवडी

संस्कृतात एमए करत होते तेव्हा सदाशिव पेठेतले आमचे काका विचारायचे, "पुढे काय? सत्यनारायण सांगणार?" आता मी हिंजवडीत कोड लिहिते, तर तेच काका सोसायटीभर सांगत फिरतात, "अहो, कम्प्युटरला संस्कृतच लागतं! नासा म्हणतंय." नासा असं काही म्हणत नाही. तिथल्या रिक ब्रिग्ज नावाच्या एका संशोधकाने 1985मध्ये एक लेख लिहिला होता, एवढंच. पण लेख वाचायचा असतो आणि मेसेज नुसता पुढे ढकलायचा असतो. काकांनी सोयीचं तेच केलं.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "लँग्वेजेस कोणत्या येतात?" म्हटलं, संस्कृत, पाली, थोडी अर्धमागधी. त्यांनी कागदावर लिहिलं : 'जावा नाही.'

तसा पाणिनी उपयोगी पडतो, नाही असं नाही. जेमतेम चार हजार सूत्रं, वरच्या सूत्रातलं पद खालच्यात आपसूक उतरतं, आणि दोन नियम भिडले तर कुणाचं चालायचं, याचाही नियम. आमच्याकडे दोन मॅनेजर भिडले की मीटिंग लागते.

डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत कोशाचं काम 1948मध्ये सुरू झालं. पहिला भाग 1976मध्ये निघाला, आणि इतके खंड होऊनही कोश अजून 'अ'तच आहे. आम्ही दर पंधरवड्याला रिलीज करतो आणि पुढचा पंधरवडा तो निस्तरतो. वाकडच्या पुलाशी कंपनीची बस पाऊण तास ठप्प होते, तेव्हा मला त्या 'अ'बद्दल फार आपुलकी वाटते.