पाकीट गेलं, वाचा कुठे गेली?

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींना एक प्रश्न विचारून बघा. आयफेल टॉवर कसा वाटला, हा नव्हे. ‘ग्रुपमध्ये कोणाचं पाकीट मारलं गेलं का?’ हा. आधी एकमेकांकडे बघितलं जातं, मग कोणीतरी खाकरतं आणि आवाज खाली आणून सांगतं, ‘त्या नाशिकच्या काकांचं गेलं. पण तुम्ही कुठे बोलू नका हं.’

का बोलायचं नाही? चोरी काकांनी केली का?

चोर पॅरिसमध्ये उजळ माथ्याने फिरतोय आणि काका नाशिकमध्ये मान खाली घालून बसलेत. हे उफराटं आहे, आणि ते आपणच उफराटं केलंय.

पाकीट गेल्याचं कळताच आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘लक्ष कुठे होतं तुमचं?’ हे पोलीस विचारत नाहीत. बायको विचारते, मुलगा विचारतो, टूर मॅनेजर विचारतो, तेही भर बसमध्ये सगळ्यांच्या देखत. मग पुढच्या शहरात ज्याचं पाकीट जातं, तो तोंडच उघडत नाही.

लक्ष कुठे असणार? ट्रेव्हीच्या कारंज्याकडे होतं. आयुष्यभराच्या बचतीतून पैसे काढून माणूस रोमला गेला तो तेच बघायला.

आणि लक्ष असतं तरी काय झालं असतं? पॅरिसच्या मेट्रोत हे काम कसं चालतं ते जरा जवळून बघा. दारातून एक मुलगी तुमच्या पुढे चढते आणि आत पाऊल टाकताच थबकते, चुकीच्या गाडीत चढल्यासारखी. मागून दोघी रेटतात. तुम्ही मध्ये. तोल सावरायला तुमचा हात वरच्या दांडीकडे जातो आणि तेवढ्यात बॅगेची चेन उघडलेली असते. मागचीच्या हातावर जाकीट असतं, त्याखाली दुसरा हात काय करतोय ते दिसत नाही. दार बंद व्हायचा भोंगा वाजतो, तिघी टुणकन फलाटावर उतरतात, दार लागतं. पाकीट फलाटावर, तुम्ही गाडीत. पुढचं स्टेशन येईपर्यंत ओरडायचं कोणासमोर?

समजा, तुम्ही चपळाईने एकीचा हात धरलात. तिच्याकडे काही सापडत नाही. पाकीट केव्हाच तिसरीकडे गेलेलं असतं.

हा त्यांचा रोजचा सराव आहे. समोर तुम्ही, ज्यांना तिकिटाचं मशिन कुठल्या भाषेत बोलतंय हेच अजून उमगलेलं नाही. ही लढत बरोबरीची नव्हतीच. हरलेल्याला मूर्ख कशाला म्हणायचं?

बाकीच्या युक्त्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या पायऱ्यांशी मनगटाला दोरा बांधणारे, मुक्या-बहिऱ्यांच्या नावाने सह्या गोळा करत कागदाचं पॅड पोटाशी धरणारे, रस्त्यात सापडलेली ‘सोन्याची’ अंगठी तुम्हालाच विकणारे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी 64 नंबरची बस तर याबाबत इतकी बदनाम आहे, की गाइडबुकं तिचा नंबर देऊन सावध करतात.

सगळ्यांना माहीत आहे. नंबरासकट माहीत आहे. तरी चालू आहे.

म्हणून ‘सावध राहा’ या सल्ल्याचा मला मनस्वी कंटाळा आलाय. सावध कोण नसतं? आठ-दहा दिवस, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, दर मिनिटाला सावध राहणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ज्याचा उपयोग होतो ती गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. यात्रेला निघताना थोडे पैसे कनवटीला, थोडे बटव्यात, थोडे परकराच्या चोरखिशात आणि एखादी नोट पोथीच्या पानांत. एक गेलं तरी परतीचं भाडं शाबूत.

आणि नातवंडं? घरातले पाचही पासपोर्ट, सगळी कार्डं, सगळे युरो एकाच पाउचमध्ये. पाउच बाबांच्या कमरेला. एक चेन उघडली की पाच माणसं परदेशात उघडी.

तेव्हा आधी वाटणी करा. दोन कार्डं दोन माणसांकडे, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, त्यांच्या प्रती ईमेलवर, आणि बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर. हो, कागदावर. फोनमध्ये लिहिलेला नंबर फोनबरोबरच जातो.

पण मुद्दा हा नाही. मुद्दा पाकीट गेल्यानंतरचा आहे.

2013 च्या एप्रिलमध्ये पॅरिसचं लूव्र संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. कोणामुळे? तिथल्या कर्मचाऱ्यांमुळे. पाकीटमारांच्या टोळ्या आत येऊन पर्यटकांना लुटत होत्या, अडवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर धावून जात होत्या. कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी जादा पोलीस हजर. 2015 च्या मे महिन्यात आयफेल टॉवरवर तेच झालं. कर्मचारी म्हणाले, आधी बंदोबस्त, मग काम. बंदोबस्ताचं आश्वासन मिळालं, टॉवर उघडला.

कित्येक वर्षं पर्यटक लुटले जात होते. पोलीस आले ते कर्मचारी बोलल्यावर.

व्हेनिसमध्ये मोनिका पोली नावाची स्थानिक राजकारणातली बाई आहे. 2023 च्या उन्हाळ्यात ती जगभर माहीत झाली ती एका आरोळीमुळे : ‘अटेंझिओने, पिकपॉकेट!’ कालव्याकाठी, स्टेशनात पाकीटमार दिसला की ती बोट दाखवून ओरडते. तिच्या पद्धतीबद्दल मला शंका आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण आवाजाने पाकीटमाराचा धंदा बसतो, हे तिने अचूक ओळखलंय.

आता इटलीचा कायदा बघा. 2022 अखेर लागू झालेल्या सुधारणेनंतर तिथे पाकीटमारीसारख्या चोरीचा खटला चालवायला ज्याची वस्तू गेली त्याची रीतसर तक्रार लागते. त्यावर ओरड झाली. 2023 मध्ये दुरुस्ती होऊन पोलिसांना जागीच अटक करायची मुभा मिळाली, पण तक्रार 48 तासांत यायला हवी. नाही आली, तर आरोपी सुटला. आणि 48 तासांत आपली बस कुठे असते? फ्लोरेन्स मागे टाकून स्वित्झर्लंडच्या वाटेवर.

टोळ्यांना आपला कार्यक्रम पाठ आहे. आपल्याला त्यांचा कायदा ठाऊक नाही.

स्पेनमध्ये 400 युरोच्या आतली चोरी किरकोळ गुन्ह्यात मोडते आणि शिक्षा म्हणजे बहुधा दंड. वर्षानुवर्षं तीच माणसं बार्सिलोनाच्या मेट्रोत पकडली जायची, सुटायची, पुन्हा उतरायची. 2022 मध्ये सराइतांना तुरुंगात पाठवता येईल अशी तरतूद झाली. पण सराईत ठरवायचा कशावरून? आधीच्या गुन्ह्यांत दोषी ठरल्यावरून. आणि तक्रारदारच विमानात बसून निघून गेला, तर ती नोंद व्हायची कशी?

‘तीस युरोंसाठी कशाला पोलीस स्टेशन?’ असं म्हणून उठून गेलेला प्रत्येक पर्यटक पुढच्या पर्यटकाचं पाकीट उघडं ठेवून जातो.

आता मोनिका पोलीच्या पद्धतीबद्दलच्या शंकांकडे. बोट दाखवायला लागलं की ते एका चोरावर थांबत नाही. आपले टूरवाले बसमध्ये माइकवर सर्रास सांगतात, ‘जिप्सी दिसले की बॅग पोटाशी धरा.’ एका अख्ख्या समाजाकडे बोट. महाराष्ट्रातल्या माणसाने तरी हे वाक्य ऐकून गप्प बसू नये. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये त्या ‘विमुक्त’ झाल्या. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जाते. त्या शिक्क्याने पिढ्या नासल्या, चोऱ्या थांबल्या नाहीत. तोच शिक्का आपण परक्या मुलखात दुसऱ्यांवर मारायचा?

शिवाय तो सल्ला फसवाही आहे. चलाख पाकीटमार पर्यटकासारखा दिसतो. गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा, अंगावर चांगले कपडे. तुम्ही घागरेवालीकडे बघत राहता आणि पाकीट कॅमेरावाला नेतो.

आणि हात साफ करणारी मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल तर? 2013 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने अशा मुलींना मेट्रोत चोरी करायला लावणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला सात वर्षांची शिक्षा सुनावली. पैसा वर जात होता, मार खाली पडत होता. म्हणून पाकीटमार सापडला की चार थोबाडीत द्यायची आपली फलाटावरची रीत मला किळसवाणी वाटते. थोबाडीत खाणारं पोर उद्या पुन्हा कामावर येतं, म्होरक्या कधीच मार खात नाही. हात धरा, ओरडा, गर्दी जमवा, पोलिसांना बोलवा. युरोपातही नंबर 112 च आहे. मारू नका.

मग पाकीट गेल्यावर करायचं काय? पहिल्या दहा मिनिटांत कार्डं बंद. रडणं, भांडणं, फोटो कोणी काढायला सांगितला होता याची चौकशी, सगळं नंतर. युरोपात 50 युरोपर्यंतच्या खरेदीला बहुतेक ठिकाणी पिन लागत नाही, कार्ड टेकवलं की झालं. आपल्या रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम इथे कामाचा आहे. बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं, ते बँकेचं. त्याआधीच्या नुकसानीत तुमचा निष्काळजीपणा निघाला, तर तुमचं. आणि पिन चिठ्ठीवर लिहून पाकिटातच ठेवणारी मंडळी अजून आहेत. त्यांनी ती चिठ्ठी आज, हे वाचून झाल्यावर, फाडावी.

फोन गेला असेल तर सिमही लगेच बंद करायला सांगा. ओटीपी त्याच सिमवर येतात.

नंतर पोलीस स्टेशन. इटालियन येत नाही? नसू दे. अर्ज भरून घेणं हे त्यांचं काम आहे. तक्रारीची शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय उठायचं नाही, कारण पुढचं प्रत्येक दार तोच कागद मागतं. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय वकिलात तो मागते. ती इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, पण ते एकाच प्रवासाचं असतं. थेट भारतात. सहलीत पुढे लंडन होतं? ते राहिलं.

विमा कंपनीही तोच कागद मागते. इथे बहुतेकांची फसगत ठरलेली. ‘शेंगेनचा इन्शुरन्स काढलाय ना!’ काढलाय. व्हिसासाठी सक्तीचा असतो तो 30,000 युरोंचा विमा आजारपण, अपघात आणि मायदेशी परत आणण्यासाठी. चोरीचा त्या सक्तीत उल्लेखच नाही. पासपोर्ट, सामान यांचं संरक्षण तुमच्या पॉलिसीत आहे की नाही, ते विमानात बसायच्या आधी वाचा. रोख रक्कम तर बहुतेक पॉलिसींनी बाहेरच ठेवलेली असते.

युरोपवर एवढं बोललो, तर घरचंही बोलायला हवं. गेटवेवर एखाद्या जर्मन बाईची पर्स गेली, तर तिला आपण काय देतो? फोन चोरीला गेला म्हणून सांगायला गेलेल्या इथल्याच माणसाला ‘गहाळ झाला असं लिहा, लवकर काम होईल’ असं किती वेळा ऐकावं लागतं, ते मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला विचारा. गहाळ लिहिलं की गुन्हा नाही. गुन्हा नाही की तपास नाही. तपास नाही की शहर सुरक्षित.

कागदोपत्री.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत टोळीने केलेली पाकीटमारी ‘किरकोळ संघटित गुन्हा’ म्हणून स्वतंत्र कलमात आली आहे. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता यावा, ही सोयही कायद्यात लिहिली आहे. कायदा चांगला आहे. ‘गहाळ’ लिहिणारा हवालदार अजून तोच आहे. चोरी झाली असेल तर चोरीच लिहून घ्यायची आणि त्यासाठी टेबलासमोर बसून राहायचं. ही हुज्जत घालायलाच हवी.

राहिले आपले सहल आयोजक. जेवणात पुरणपोळी मिळेल, श्रीखंड मिळेल, आळंदीचा प्रसादसुद्धा मिळेल, हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं. पाकीट मारलं गेलं तर काय, याची ओळ शोधून दाखवा. होतं असं, की टूर मॅनेजर घड्याळ बघतो, चाळीस माणसं बसमध्ये ताटकळतात, आणि ज्याचं गेलंय त्यालाच अपराध्यासारखं म्हणावं लागतं, ‘जाऊ द्या, माझ्यामुळे उशीर नको.’ इथेच ती तक्रार मरते.

म्हणून पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी काउंटरवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा. चोरी झाली तर पोलीस स्टेशनात माझ्याबरोबर कोण येणार? बस पुढे गेली तर मला ग्रुपपर्यंत कोण पोहोचवणार? आणि त्याचा खर्च कोणाचा?