डुगडुगत्या टेबलावर रायफल तपासणाऱ्यांना खुले पत्र



नागपुरातल्या एका शाळकरी मुलीची एअर रायफल तुम्ही रेंजवरच्या प्लॅस्टिकच्या टेबलावर टेकवलीत, बॅरलखाली घडी केलेला टॉवेल सरकवलात, पाच पेलेट मारलेत आणि विखुरलेली छिद्रं पाहून निकाल दिलात: ‘बॅरल गेली, नवी घ्या.’ नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं आणि बोल नाचणारीला लागला.

थोडं गणित मांडा. पुढचा टेकू आणि बट यांत अर्धा मीटर अंतर धरू. नेम धरल्यापासून ट्रिगर सुटेपर्यंत बट 1 मिलिमीटर जरी बाजूला सरकला, तरी 10 मीटरवर पेलेट 20 मिलिमीटर लांब लागतो. टार्गेटचा काळा गोल 30.5 मिलिमीटर व्यासाचा. म्हणजे मध्यावर धरलेला नेम काळ्याच्या बाहेर गेला. दहाचा ठिपका तर अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तुमचं टेबल कोपर टेकताच किती हलतं, हे कधी पाहिलंत?

टेबल जड हवं. तीन पायांचं असेल तर उंचसखल फरशीवरही डगमगत नाही. पुढचा रेस्ट लाकडी दस्त्याखाली लावायचा, बॅरलखाली कधीच नाही. टेकलेल्या बॅरलची थरथर बदलते आणि पेलेटची जागाही. दस्त्याखालची वाळूची पिशवी गच्च भरलेली हवी. बटाखालची जरा सैल, म्हणजे मुठीत दाबून उंची केसभर बदलता येते. स्प्रिंगची रायफल असेल तर शिकंज्यात आवळू नका. पेलेट बॅरलमध्ये असतानाच तिचा पिस्टन पुढे-मागे धक्के देतो; ती उघड्या तळहातावर सैल ठेवायची असते.

मग पेलेट बदलून पाहा. डोक्याची मापं 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशी मिळतात आणि प्रत्येक बॅरलची आवड निराळी. प्रत्येक मापाचे पाच-पाच पेलेटचे अनेक ग्रुप मारा, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांचं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मोजा. एका ग्रुपवर निकाल देणं म्हणजे तपासणी नव्हे.

हे शहर अंबाझरीच्या आयुध कारखान्याचं. मोजमापातल्या काटेकोरपणावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटली आहे. आणि कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्य घेऊन आला. या खेळात दशांशही मोजला जातो. तिथे पोहोचायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीला अंदाजपंचे उत्तर काहून देता?

तुमच्या एका वाक्यामुळे तिचे वडील आता कर्जाची चौकशी करताहेत. त्यांना आजच फोन करा आणि निकाल मागे घेतला असं स्पष्ट सांगा. नवी रायफल घ्यायची की नाही, ते भक्कम टेबलावरची तपासणी झाल्यावर ठरेल.

एक नेमबाज