अकरा दिवस आणि पाच व्हाय

अकरा दिवसांत कुंडीतली मेथी वर येते, गणपती येऊन विसर्जनही पार पडतं, आणि माझी चाकणची नोकरी संपते. पहिल्या दोन्ही गोष्टी लोक कौतुकाने बघतात.

ही नोकरी बायोडेटातून गाळायची, असं मी ठरवलं होतं. पण पीएफवाले काही विसरत नाहीत. २०१४ पासून त्यांनी बारा आकडी यूएएन नंबर सुरू केला आणि माणूस कुठेही गेला तरी हा नंबर सासुरवाडीसारखा मागोमाग येतो. पासबुकात माझी नोंद स्वच्छ आहे. पंधरा हजार बेसिक, त्यातले अकरा दिवसांचे साडेपाच हजार, त्यावर बारा टक्के, म्हणजे माझा वाटा ६६० रुपये. एवढ्या पैशांत बूटही येत नाहीत, पण पुरावा येतो.

घरी अण्णा होते. आमच्या दिघीतल्याच एका सरकारी खात्यात त्यांनी ३४ वर्षं काढली. मध्ये एकदा त्यांचं टेबल खिडकीपाशी सरकवलं, तर महिनाभर त्यांना बदली झाल्यासारखं वाटत होतं. अशा माणसाला ‘अकरा दिवस’ कसं समजावणार? शेजारचे काका धीर द्यायला आले. म्हणाले, “अहो, २०१९ साली २३ नोव्हेंबरला सकाळी शपथ घेतलेले मुख्यमंत्री २६ तारखेला राजीनामा देऊन मोकळे झाले. २०२४ ला पुन्हा त्याच खुर्चीत! याने तर अकरा दिवस भरलेत.”

अण्णा म्हणाले, “त्यांच्या पाठीशी आमदार होते. याच्या पाठीशी गाडीचा हप्ता आहे.”

पुढची मुलाखत भोसरी एमआयडीसीत होती. कारण काय सांगायचं यावर मित्रांनी सल्ले दिले. “ग्रोथ नव्हती म्हण.” “आईची तब्येत म्हण.” त्यावर आई स्वयंपाकघरातून ओरडली, “माझी तब्येत ठणठणीत आहे, मला तुमच्यात ओढू नका.” उरली ग्रोथ. आरशासमोर मी तो शब्द इतक्या वेळा म्हटला की शेवटी तो एखाद्या त्वचारोगाचं नाव वाटायला लागला.

समोर प्लँट हेड बसले होते. पंचावन्नच्या आसपासचे, खिशाला पेनाशेजारी स्टीलची पट्टी. बायोडेटा बघितलाच नाही. एक कोरा कागद ओढला आणि वर लिहिलं, ‘व्हाय १’.

माझ्या पोटात गोळा आला. आम्हा क्वालिटीवाल्यांचं हे रोजचं हत्यार. मूळ टोयोटाचं, पण आता चाकण-भोसरीत वडापावाइतकं आपलं झालेलं. पार्ट खराब निघाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मुळाशी जायचं. बुशपासून ब्रॅकेटपर्यंत सगळ्यांचे व्हाय-व्हाय मी भरले होते. स्वतःचा कधी नाही.

“का सोडली?”

“ग्रोथ नव्हती सर.”

“अकरा दिवसांत?” त्यांनी लिहिलेलं खोडलं. “परत सांगा.”

“जनरल शिफ्ट सांगितली होती. दोन दिवसांनी रात्रपाळी दिली. आमच्या बुशला बर राहिली होती, लॉट कस्टमरकडे अडकलेला. तिथे उभं राहून एकेक पीस निवडायचा. चांगला हिरव्या बिनमध्ये, खराब लाल बिनमध्ये.”

“मग? रात्रपाळी का जमली नाही?”

“दिवसा झोप होत नव्हती.”

“का?”

इथे मला साक्षात उत्तर सुचलं. “सर, घर दिघीत. त्याच आठवड्यात माउलींची पालखी होती. आळंदीहून पुण्याला जाताना आमच्यावरूनच जाते. घरात बायका पोळ्या लाटत होत्या. मी जिथे झोपायचो तिथे लाडवांच्या पराती. मला उठवून सरबताच्या पिंपाशी उभं केलं.”

साहेबांनी पेन खाली ठेवून हात जोडले. मला वाटलं, जिंकलो. माउलींवर करेक्टिव्ह अ‍ॅक्शन कोण घेणार?

“पालखी दिघीवरून एक दिवस जाते,” हात सोडून ते म्हणाले. “बाकीच्या दिवसांचं काय?”

मग सांगून टाकलं. बाकीचे दिवस शेजारी फरशी बसवत होते, आणि ते नसते तरी मला उजेडात झोप येत नाही. नवव्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, मी उभ्या उभ्या झोपलो. हात मात्र चालू होते. सकाळी बघितलं तर लाल बिनमध्ये चकचकीत चांगला माल आणि हिरव्यात सगळी बर. कोणाचा फोन येण्याआधी मीच राजीनामा मेल केला.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “तर मग रूट कॉज?”

“माझी चूक, सर.”

“ऑपरेटरची चूक असं लिहिलं की कस्टमर रिपोर्ट परत पाठवतो. माहीत नाही?”

माहीत होतं. माझेच तीन परत आले होते. त्यांनी स्वतःच लिहिलं: ‘सलग नऊ रात्री एकच माणूस, बदली नाही, तपासायला दुसरा नाही.’ शाळेपासून माझ्या नावावर जमा होत आलेल्या चुकांपैकी एक पहिल्यांदाच सिस्टीमच्या खात्यावर गेली. अण्णांनी हा कागद बघायला हवा होता.

“आता प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन. आमच्याकडेही महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते.”

“पालखीचा आठवडा सोडून कुठलाही चालेल.”

“तेव्हा मीच नसतो,” ते म्हणाले. “आळंदी ते सासवड चालतो. दिघीत कोण्या सोसायटीचा लाडू खाल्ला होता यंदा. फार कडक होता.”

तो आमचाच असणार. पण ते मी कबूल केलं नाही. एका बैठकीत एवढा खरेपणा पुरे.

सोमवारपासून या म्हणाले. संध्याकाळी अण्णांनी काही न बोलता पेढ्यांचा पुडा आणला. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो उचलून फ्रीजमध्ये ठेवला.

“बाराव्या दिवशी फोडू,” म्हणाले.