पेंटरची हवा

पेंटरचं खरं नाव दोनच ठिकाणी सापडतं: रेशनकार्डावर आणि सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत. नारायणगावपासून घोडेगावपर्यंत बाजाराच्या कुठल्याही गावात जा, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात एक पत्र्याचं शेड असतं. त्याच्यावर ‘आर्ट्स’ने संपणारी पाटी असते आणि आत तोंडाला उपरणं बांधून एक गृहस्थ कंप्रेसरशी भांडत असतो. त्याला बायको सोडून सगळं गाव ‘पेंटर’ म्हणतं. बायको ‘आमचे पेंटर’ म्हणते.

हा माणूस मूळचा ब्रशवाला. किराणा दुकानांच्या पाट्या, विहिरीवरचे ‘श्री’, निवडणुकीतल्या भिंती यांवर त्याचं बरं चाललं होतं. मग फ्लेक्स आला. तालुक्यातल्या यच्चयावत भावी सरपंचांचे वाढदिवस एका रात्रीत छापून निघू लागले आणि पेंटरची अक्षरं भिंतीवरच वाळली. दुसरा कुणी असता तर टोमॅटोच्या मार्केटात हमालीला गेला असता. पेंटरने पंक्चरवाल्याचा जुना कंप्रेसर हप्त्याने घेतला, पुण्याच्या रविवार पेठेतून पेनाएवढी एक गन आणली आणि पाटीवर ‘पेंटर’ खोडून ‘आर्टिस्ट’ लिहिलं. ब्रशने रंगवतो तो पेंटर, हवेने रंगवतो तो आर्टिस्ट, ही व्याख्या त्याचीच. गावाने ती मान्य केली आणि त्याला पेंटरच म्हणत राहिलं.

आता त्याचं वर्ष पंचांगावर चालतं. पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात, तेव्हा फडांच्या गाड्यांवरची नावं उजळून घ्यायची असतात. चैत्रात यात्रा आणि बैलगाडे. (२०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, त्यांना २०२१च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधली वर्षं पेंटर ‘माझा वनवास’ म्हणून सांगतो. रामाच्या निम्मीच होती, पण रामाच्या डोक्यावर कंप्रेसरचे हप्ते नव्हते.) श्रावणात गणपती. अधूनमधून शाळेच्या भिंतीवर शिवनेरी, खोडदची दुर्बीण, आणि उसाच्या कडेला ‘सावधान, बिबट्या’. त्याच्या बिबट्याच्या अंगावरचे ठिपके गनने मारलेले असल्यामुळे इतके मऊ दिसतात, की लहान पोरं पाटीजवळ जाऊन कुरवाळतात. सावध राहण्याचा मूळ हेतू तेवढा बाजूला पडतो.

पेंटरच्या सगळ्या विद्येचा गाभा एका वाक्यात आहे: “रंग दुधासारखा पाहिजे.” जगभरचे एअरब्रशवाले हेच सांगतात, पण ते दुधाच्या तालुक्यात राहत नाहीत. इथे रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या खिडकीवर फॅट आणि डिग्री लागते. इथे कुणी ‘दुधासारखा’ म्हटलं की समोरचा विचारणारच, “गायीच्या का म्हशीच्या?” पेंटर या प्रश्नाला हसत नाही. “काळा आन् निळा गायीच्या,” तो सांगतो, “तेबी फॅट काढून घेतलेल्या. पांढरा म्हशीच्या. आन् म्हशीचं म्हंजे डेअरीत घालायच्या आदीचं, तुम्ही घालता तसलं नाय.” गिऱ्हाईक दूध घालणारं असलं तर तिथून पुढे रंगाचा विषय थोडा वेळ थांबतो.

पांढऱ्यावर त्याचा जीव आहे आणि रागही. गडद रंगाच्या ट्रकवर नाव उठवायचं तर खालचा रंग पूर्ण झाकणारा पांढरा लागतो. त्याच्यात टिटॅनियम डायॉक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ती जड, तळाला जाऊन बसते. बाटली न हलवता वरची निवळ ओतून घेतली की रंग छान पातळ वाटतो, गनमधून सुरेख निघतो आणि ट्रकवर काहीच दिसत नाही. म्हणून आधी हलवायचं, मग लेकीच्या जुन्या ओढणीतून गाळायचं, मग पाणी. तेही तांब्याने नाही, डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने. पाण्याचा हात सुटला की रंगाची पकड जाते, भुकटी एकीकडे आणि चीक एकीकडे. हात आखडला तर नोझल तुंबतं आणि पेंटर ते तोंडाने फुंकतो. त्याच्या मिशीला ऐन चाळिशीत पांढरं कशाने आलं, याचं उत्तर वयात शोधू नये.

रंग जमला की नाही हे बघायची त्याची पद्धत मात्र खरोखर शास्त्रशुद्ध आहे. कपाच्या आतल्या कडेला रंग चढवायचा आणि सोडायचा. सरसर खाली येऊन कड उघडी पडली तर पाणी जास्त. जागेवर बसून राहिला तर जाड. सावकाश उतरला आणि मागे पातळ साय ठेवून गेला की गनमध्ये ओतायचा. आलेल्या गिऱ्हाइकाला त्याच कपातून चहा देतात का, हे मी विचारलेलं नाही. पण मी तिथे चहा घेत नाही.

दुसरा अध्याय हवेचा. पेंटर बार, पीएसआय वगैरे बोलत नाही. पंक्चरवाल्याकडून कंप्रेसर आला तेव्हा त्याच्याबरोबर पौंड फुकट आले. टाकीत हवा ट्रॅक्टरच्या टायरला पुरेल एवढी आणि काम गणपतीच्या गालावरच्या गुलाबी झाकीचं, त्यामुळे मधे रेग्युलेटर बसवून सगळा जोर गाळून घ्यावा लागतो. बारीक झाकीला पंधरा पौंड, दुधासारख्या रंगाला वीस-पंचवीस, जाड पांढऱ्याला मोठं नोझल लावून तीस-पस्तीस. जसा रंग जाड तशी हवा चढवायची, जसा पातळ तशी उतरवायची. या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकणाऱ्या माणसाला पेंटर शेडात घेत नाही. हवा कमी पडली तर रंग शिंतोडे टाकतो. जास्त झाली तर रंग वाटेतच वाळतो आणि मूर्तीवर भुकटी होऊन बसतो, हात फिरवला तर पॉलिश पेपर लागावा तसा. आणि रंग पाण्यासारखा, हवा भरमसाट, वर गन अगदी जवळ धरलेली, असा त्रिवेणी संगम झाला तर एका ठिपक्यातून चहूकडे कोळ्याचे पाय फुटतात. मंडळाच्या पोरांना हा प्रकार ‘डिझाईन’ वाटतो आणि ते तसाच ठेवायला सांगतात. पेंटरच्या डोळ्यांत पाणी येण्याचा तेवढाच प्रसंग.

“गेजवर इसवास ठिवू नका,” हे त्याचं ब्रीद. गन बंद असताना काटा पंचवीस दाखवतो. चाप दाबून हवा सुटली की तोच काटा अठरावर येतो. खरा आकडा तो. नळी जितकी लांब तितकी घसरण जास्त. हे सांगताना पेंटर हमखास मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीतल्या एका उमेदवाराचं उदाहरण देतो, मतदानाआधीचा काटा आणि नंतरचा काटा. तो उमेदवार शेजारीच राहत असल्याने आवाज तेवढा उतरवतो.

गेजवर विश्वास नाही, म्हणजे प्रत्यक्ष मारून बघणं आलं. पण कागद हा प्रकार पेंटरच्या शेडात टिकत नाही. दाराच्या फळीवर इतके थर चढलेत की दार आता लागत नाही. मग तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा अंगठा धरतो आणि नखावर एक फुसकारा सोडतो. नखाला चिकटला, ओघळला नाही, म्हणजे जमला. त्यामुळे श्रावणात अर्ध्या बाजारपेठेचे अंगठे निळे-पिवळे असतात आणि परगावच्या माणसाला इथे पोटनिवडणूक चालू आहे असं वाटतं.

त्याचा भाचा अवसरीला इंजिनिअरिंग शिकतो. त्याला मामाचा अडाणीपणा सहन होत नाही. एका सुट्टीत त्याने डेअरीतला लॅक्टोमीटर मागून आणला आणि पांढऱ्या रंगात सोडला. लॅक्टोमीटर बुडायलाच तयार होईना. “मामा, याची डिग्री लागत नाय,” भाचा म्हणाला. “तुजी तरी कुठं लागलीय?” मामा म्हणाला. पोराच्या चार विषयांचा निकाल तेव्हा राखून होता. मग भाच्यानेच खुलासा केला, की लॅक्टोमीटर जडपणा मोजतो, दाटपणा नाही. दाटपणाला फोर्ड कप असतो: तळाला ठरावीक भोक असलेला पेला, रंग किती सेकंदांत गळून जातो ते मोजायचं. पेंटरला ही कल्पना पसंत पडली. त्याने ताबडतोब घरातल्या स्टीलच्या पेल्याला खिळ्याने भोक पाडलं. पेला रुखवतातला निघाला. विज्ञानाची त्या घरातली प्रगती तिथे थांबली.

पण या भाच्यानेच एकदा मामाला सांगितलं, की १८७९च्या सुमारास अमेरिकेत आयोवा राज्यात अ‍ॅबनर पीलर नावाच्या गृहस्थाने अशी गन पहिल्यांदा जमवली, ती शिवणयंत्राची वाकवलेली सुई, जुना चमचा आणि लाकडाचे ठोकळे जोडून. पेंटर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “चमचा घरातलाच आसंल. बायको काय म्हनली त्याची?”

पावसाळा हा त्याचा खरा शत्रू आणि गणपती नेमके पावसाळ्यातच येतात. भीमाशंकरकडून ढग आले की हवेतलं पाणी कंप्रेसरच्या टाकीत जमतं, नळीतून पुढे सरकतं आणि नेमकं सोंडेवर येऊन थुंकतं. म्हणून पेंटर दर तासाला टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडतो. शाडूच्या मूर्तीचं आणखी अवघड: ती कच्ची माती, पाणी पिणारी. पातळ रंगाचा एकच ओला हात मारला की पोट मऊ पडतं. तिथे हलके, कोरडे, पुष्कळ हात द्यावे लागतात आणि प्रत्येक हातामध्ये वाट बघावी लागते. मंडळाचा अध्यक्ष दारात उभा राहून म्हणतो, “पेंटर, ढोल-ताशा आलाय, आटपा!” पेंटर वर न बघता म्हणतो, “अध्यक्ष, प्रेशर देऊ नका. प्रेशर माज्याकडं हाये.” एवढ्यात लाईट जाते. टाकीत उरलेल्या हवेवर तो दोन्ही कान उरकतो. डोळे तो ब्रशनेच लिहितो, त्याला हवा लागत नाही आणि घाईही चालत नाही.

गणपतीतून उरलेला सोनेरी भाद्रपदी पोळ्याला कामी येतो. बैलाची शिंगं हातानेच रंगवायची असतात, पण एका गाडामालकाला गणपतीच्या मुकुटासारखी झाक शिंगांवर हवी होती. पेंटरने समजावलं. मालक म्हणाला, “पैशाचं बोलू नका.” पैशाचं न बोलणारं गिऱ्हाईक पेंटरने आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं, तेव्हा तो कंप्रेसर टेम्पोत घालून गोठ्यावर गेला. रंग गाळला, कपात फिरवला, हवा वीसवर आणली, मालकाच्या अंगठ्यावर खात्री करून घेतली. बैल शांतपणे रवंथ करत होता. पेंटरने शिंगाजवळ गन नेऊन चाप दाबला. फुस्स झालं आणि बैल दावं तोडून जो सुटला तो ओढा, केळीची बाग आणि दोन बांध ओलांडून थेट डांबरी सडकेवर थांबला. एका शिंगावर सोनेरी टिकली, दुसरं कोरं.

पेंटर भरपाईच्या विचाराने घामाघूम झाला होता. मालक मोबाइलमधलं घड्याळ बंद करून त्याच्याकडे आला. त्याचा चेहरा उजळला होता. “पेंटर, ह्यो बैल आजवर शर्यतीच्या घाटात असा पळालाच नाय. येत्या यात्रंला कंप्रेसर घिऊन या. नियमात काठी नाय, चाबूक नाय, बॅटरी नाय. कंप्रेसरचं कुठं काय लिवलंय?”

पेंटरने नळी गुंडाळता गुंडाळता थोडा विचार केला. “येतो की,” तो म्हणाला, “पर दुसऱ्या बैलाची कातडी जाड हाये. त्येला तीस पौंड लागतील.”